वलगावचा कथेकरी

अमरावतीजवळ वलगावी, पेढी नदीच्या पुलाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे चरित्र प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेच आहे; आम्हांला बोलावयाचे आहे ते बाबांच्या कथनकलेविषयी.

पूर्वरंग-उत्तररंगाचा साचा बाबांनी मानला नाही. ते प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण कशाला, देवाला बोकड कशाला? उत्तर श्रोत्यांनी द्यावयाचे, आणि स्वतःच्याच उत्तराने खजील व्हावयाचे! म्हणजे निम्मी कथा समुदायाचीच. व्युत्पन्न कीर्तनकारांना हे क्वचितच साधले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1923 साली कोकणात खारेपाटणास कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. याला वैराग्य म्हणण्याची रीत आहे. आम्हांला वाटते, आजवर लोकांना पुरविलेला धीर त्या दिवशी समोरच्या माणसांनीच त्यांना परत दिला असावा.

छापील कीर्तनात मात्र प्रश्न तेवढे उरतात, गर्दीचा होकार हरवतो. 8 नोव्हेंबर 1956 च्या वांद्र्याच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने आहे. यंदा फराळ आटोपल्यावर ते घरच्या मंडळींनी एकत्र बसून ऐकावे. मुलांना वऱ्हाडी बोली कितपत कळते, हेही त्या निमित्ताने समजेल.