संशयाचा बाजार

संशय हा विज्ञानाचा प्राण, असे आम्ही शाळेत शिकलो. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांचा ‘मर्चंट्स ऑफ डाउट’ (२०१०) हा ग्रंथ वाचताना मात्र तोच संशय घाऊक भावाने विकलाही जातो, हे पाहून मी चकित झालो. फ्रेडरिक साइट्झ यांच्यासारखा थोर पदार्थवैज्ञानिक, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा माजी अध्यक्ष, आधी तंबाखू कंपनीचा सल्लागार होतो आणि पुढे तापणाऱ्या पृथ्वीविषयी शंका काढतो! ‘अजून सिद्ध कुठे झाले?’ एवढेच विचारत राहायचे, ही ती युक्ती. उलट, ओरेस्केसबाईंनी २००४ साली ९२८ शोधनिबंधांचे सारांश तपासले; मानवनिर्मित तापमानवाढीविषयीचे एकमत नाकारणारा एकही निघाला नाही.

मांडणी वकिली थाटाची आहे, पण पुरावा भक्कम. माझी तक्रार निराळीच. विकणाऱ्यांचा पंचनामा झाला. घेणाऱ्याच्या मनात मात्र लेखक फारसे शिरत नाहीत. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आंतरशासकीय समितीच्या २००७ च्या अहवालातले विधान चुकीचे ठरले, तेव्हा ‘सगळेच थोतांड!’ असे मीच दिवाणखान्यात गरजलो होतो. समितीने २०१० मध्ये चूक कबूल केली. हिमनद्या वितळतच राहिल्या. मी माझे वाक्य काही मागे घेतले नाही.

खरा संशयी पुरावा दिसताच मत बदलतो. या कसोटीला मी उतरलो नाही, हे मला या ग्रंथाने दाखविले. म्हणूनच तो घरोघरी वाचला जावा.