मुरलेला संसार आणि मराठी कादंबरी

मराठी कादंबरी जन्मापासून लग्नाविषयी बोलते आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ साली विधवांच्या हालांना वाचा फोडली. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या यमूने ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये आपली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगितली. या नायिका वयाने कोवळ्या होत्या. विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा विषय धीटपणे मांडला, पण तिथेही नायिका तरुणच. वीस-पंचवीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर नवरा-बायकोत काय उरतं, या प्रश्नाला आपल्या कादंबरीने फार उशिरा हात घातला.

तो घातला तो गौरी देशपांडे यांनी. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकातल्या तीन दीर्घकथा आणि नंतरच्या लघुकादंबऱ्या यांत बाईचं वय वाढतं, मुलं मोठी होतात, प्रेम असूनही जीव गुदमरतो. नवरा दुष्ट नसतानाही संसार अपुरा पडू शकतो, हे त्यांनी ठामपणे लिहिलं. परपुरुषाशी मैत्री असू शकते आणि तिच्यामुळे लग्न मोडलंच पाहिजे असं नाही, हेही त्यांच्यामुळे मराठीत उजळ माथ्याने आलं. त्यांच्या स्त्रिया बहुधा शिकलेल्या, फिरलेल्या, पैशाची फार चिंता नसलेल्या आहेत, ही त्या लेखनाची मर्यादा खरी. त्यामुळे त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र हलके होत नाहीत.

शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ने मैत्रीला मध्यभागी आणलं. विवाहित पुरुषावर वर्षानुवर्षं जीव लावलेली, घरादाराची जबाबदारी पेललेली रीटा कोलमडते आणि दवाखान्यात पोहोचते. तिथे तिच्या उशाशी असते सरस्वती. ही मैत्रीण उपदेशाचे डोस पाजत नाही. ती ऐकते, अस्वस्थ होते, तिचं स्वतःचं आयुष्यही या कहाणीत हळूहळू उघडं पडतं. प्रियकराने जे दिलं नाही ते मैत्रिणीने दिलं, असा सोपा हिशेबही लेखिका मांडत नाही. दोन बायकांमधला विश्वास कसा घडतो, एवढंच ती जवळून दाखवते. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’ने (२००५) लग्नाच्या शपथांची आणि शरीराच्या गरजांची उलटतपासणी अशा भाषेत केली, की वाचकाला आडोसा उरला नाही.

या सगळ्यांत नवरा बहुतेक वेळा दुरूनच दिसतो. म्हणूनच मिलिंद बोकील यांची ‘समुद्र’ मला महत्त्वाची वाटते. भास्कर आणि नंदिनी हे मध्यमवयीन जोडपं सुट्टीसाठी समुद्रकाठी जातं आणि नंदिनीची दुसऱ्या पुरुषाशी झालेली जवळीक त्यांच्या बोलण्यात येते. कादंबरीचा सगळा भार या दोघांच्या संवादावर आहे. कळलेल्या गोष्टीने भास्कर दुखावतो, आणि आपण इतकी वर्षं या बाईला ओळखत होतो का, या शंकेने त्याहून जास्त. तिची बाजू पटते तेव्हाही त्याची जखम खोटी वाटत नाही. पुढे हीच कादंबरी चिन्मय मांडलेकर आणि स्पृहा जोशी यांनी रंगभूमीवर आणली.

अशी पुस्तकं मोजकीच, आणि त्यांतही विश्वासघात म्हटलं की लेखकांना शरीरसंबंधच आठवतो. पन्नाशीतल्या जोडप्याचा विश्वास इतर ठिकाणीही तुटतो. घर कोणाच्या नावावर आहे, गावाकडच्या भावाला न सांगता किती पैसे दिले, आजारी सासूचं कोणी केलं, रिपोर्ट कोणापासून लपवला. या गोष्टी आपल्या घराघरांत धुमसतात आणि कादंबरीत मात्र एखाद्या वाक्यात उरकल्या जातात. मैत्रीचंही तेच. मित्र येतो तो एक तर प्रियकर होण्यासाठी, नाहीतर रडायला खांदा देण्यासाठी. दोन कुटुंबांची वीस वर्षांची मैत्री एका उधारीवरून किंवा एका गुपितावरून तुटते, तेव्हा दोन्ही संसार हादरतात. या हादऱ्याची मोठी कादंबरी मराठीत मला अजून भेटलेली नाही.

स्त्रीचं मन मराठी कादंबरीने कष्टाने आणि धैर्याने उभं केलं. आता तेवढ्याच धैर्याने पुरुषाची भीती, त्याची लाज, त्याचं एकटेपण लिहायला हवं. हे लिहायचं ते बाईची बाजू खोडण्यासाठी नव्हे. नातं दोघांचं असतं आणि एकाच बाजूने ऐकलेल्या भांडणात निम्मं सत्य हरवतं. आपल्याकडे संवाद लिहिणारे समर्थ लेखक आहेत आणि या वयातून जाणारे वाचकही भरपूर आहेत. त्यांना आपला संसार त्याच्या सगळ्या व्यवहारासकट वाचायला मिळाला पाहिजे.