दुर्गाबाई खोटे : घराणे आणि कमाई

दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी मराठीत आजवर जे लिहिले व बोलले गेले, त्यात एक विधान ठरल्यासारखे येते. घरंदाज, सुशिक्षित घरातील एक स्त्री चित्रपटात आली आणि तिच्यामुळे त्या बदनाम धंद्याला प्रतिष्ठा लाभली, असे ते विधान होय. ते सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नीट पाहिले तर त्यात गौरव होतो तो घराण्याचा. बाईंनी स्वतः काय केले हा प्रश्न बाजूलाच राहतो. पन्नास वर्षे काम केलेल्या कलावतीचे मोजमाप तिच्या माहेर-सासरच्या आडनावांनी व्हावे, यात त्या कलावतीवर काही अन्याय होतो काय, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड कुटुंबात झाला. माहेरचे नाव विटा. वडील पांडुरंग लाड हे नामांकित सॉलिसिटर. कॅथीड्रल हायस्कूल व पुढे सेंट झेवियर्स कॉलेज असे त्या काळच्या मुलीला दुर्लभ शिक्षण त्यांना मिळाले. कॉलेजात असतानाच त्यांचा विवाह खोटे यांच्या संपन्न घरात झाला. दोन मुले झाली. आणि मग त्या संपन्न घराची आर्थिक घडी पार विस्कटली. दोन लहान मुलांच्या या आईने आधी शिकवण्या करून पाहिल्या. चित्रपट आला तो त्यानंतर. म्हणजे दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या धंद्याचा उद्धार करण्यासाठी नव्हे. त्या चार पैसे मिळविण्यासाठी आल्या. ही गोष्ट लपविण्याचे त्यांना स्वतःला कधी कारण वाटले नाही. संकोच वाटला तो त्यांच्या चाहत्यांना.

पहिला अनुभव तर कडूच होता. मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील लहानशा भूमिकेसाठी विचारणा झाली ती प्रथम त्यांच्या बहिणीकडे. तिने नकार दिला व दुर्गाबाईंचे नाव सुचविले. चित्रपट सामान्य निघाला. त्याची जाहिरात मात्र लाडांची लेक आणि खोट्यांची सून पडद्यावर आली या एका गोष्टीच्या बळावर झाली. समाजाने बोल लावला तोही त्याच दोन आडनावांवरून. पाहण्याजोगे आहे ते हे की, ज्या घराण्याच्या नावाचा पुढे प्रतिष्ठेचा दाखला म्हणून उपयोग झाला, त्याच नावाचा पहिला उपयोग तिकिटे खपविण्यासाठी झाला होता. दोन्ही वेळी नटी म्हणून बाईंची किंमत कोणी केली नाही.

ती किंमत प्रथम केली प्रभात फिल्म कंपनीने. 'फरेबी जाल' पाहूनही शांतारामबापूंनी 'अयोध्येचा राजा' (१९३२) या मराठीतील पहिल्या बोलपटात तारामतीची भूमिका दुर्गाबाईंना दिली. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. येथे थोडे मागे जावयास हवे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. १९१३ ची तारामती पुरुष होती, १९३२ ची तारामती स्त्री होती. या एकोणीस वर्षांच्या अंतरात मराठी समाजाची बरीच वाटचाल मावलेली आहे.

मात्र ही वाटचाल एकट्या दुर्गाबाईंची नव्हे. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या १९१३ सालच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीचे व त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई गोखले, यांनी मोहिनीचे काम केले होते. या मायलेकी दारिद्र्याशी झगडत रंगभूमीवर आल्या होत्या. त्यांचा उल्लेख घरंदाजपणाच्या यादीत कोणी करीत नाही, कारण त्यांच्यामागे सॉलिसिटरचे नाव नव्हते. दुर्गाबाई खोट्यांना 'पहिली' ठरविण्याच्या नादात आपण या दुसऱ्या दुर्गाबाईंना विसरतो. विशेषणाचा मोह इतिहासाला महाग पडतो, तो असा.

आता तारामतीच्या भूमिकेविषयी. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. कॅमेऱ्यासमोर उभे राहून तेथल्या तेथे गावे लागे. चित्रीकरणाची साधने अवजड, हालचालीला मर्यादा. अशा स्थितीत दुर्गाबाईंनी एक गोष्ट साधली, ती म्हणजे ताठ कण्याचे दुःख. बाजारात विकली जाणारी, परक्या घरी दासी म्हणून राबणारी राणी त्यांनी कोठेही दीनवाणी केली नाही. रंगभूमीवरील शोकाचा जो ठरीव आक्रोश प्रेक्षकांच्या सवयीचा होता, त्याहून हे दुःख वेगळे होते. ज्या स्त्रीने स्वतः ऐश्वर्य जाताना पाहिले व कमाईसाठी घराबाहेर पाऊल टाकले, तिला हा स्वर सापडावा हे स्वाभाविक म्हणता येईल. पण दुःख भोगलेली प्रत्येक व्यक्ती ते दाखवू शकत नाही. दाखविणे ही कला आहे, आणि ती दुर्गाबाईंची स्वतःची होती.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये, पायाशी चित्ता घेऊन बसणारी स्त्रीराज्याची राणी त्यांनी रंगविली. १९३६ च्या 'अमर ज्योती'त पोटच्या मुलावरील हक्क नाकारला गेल्यामुळे राज्यसत्तेविरुद्ध उठणारी व समुद्रावर चाचेगिरी पत्करणारी सौदामिनी त्यांनी उभी केली. कायदा आईचा हक्क मानीत नाही म्हणून शस्त्र हाती घेणारी नायिका १९३६ साली मराठी मंडळींच्या कंपनीने निर्माण करावी, आणि तिच्यासाठी दुर्गाबाईंचाच चेहरा योग्य ठरावा, यात पुष्कळ अर्थ आहे.

याच काळात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्याची चर्चा फार थोडी होते, पण आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी पाऊल तेच. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. कंपनी देईल ते काम, कंपनी ठरवील तो मोबदला. दुर्गाबाईंनी हे बंधन मानले नाही. प्रभातचे काम करीत असतानाच त्या कलकत्त्यास गेल्या. न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'त (१९३३) व ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'त (१९३४) त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली काम केले. 'सीता' पुढे व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असा हा प्रवास एका कंपनीच्या आश्रयाने झालेला नाही. स्वतःच्या कामाची किंमत स्वतः ठरवून झालेला आहे. आपणां नोकरदारांस यातील धोका अधिक कळावा. दरमहा ठरल्या तारखेस येणाऱ्या पगाराकडे पाठ फिरविणे काय असते, हे आम्ही वाचकांस निराळे सांगावयास नको.

१९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी सुनेला छळणाऱ्या सासूची भूमिका स्वीकारली. वय अवघे छत्तीस. नायिकेच्या प्रभावळीत असलेली नटी या वयात आपण होऊन खाष्ट सासू होत नाही. पुढे 'भरत मिलाप'मधील कैकेयी (१९४२) आणि सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मधील मृणालवती (१९४३). या तिन्ही भूमिकांत एक समान धागा आहे : अधिकार गाजविणारी आणि त्या अधिकाराने स्वतःच पोळणारी स्त्री. रंगभूमीवर मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकरांनी मराठीत आणलेल्या मॅकबेथची, म्हणजे 'राजमुकुट'ची, राणी या भूमिका त्याच कुळातल्या. एका अक्षराच्या फेरफाराने 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई आणि नवऱ्याच्या हाती खंजीर देणारी राणी एकाच नटीला साधाव्यात, हे तिच्या ताकदीचे माप आहे. सरकारी कागदावर एक अक्षर बदलल्याने काय होते याची जाणीव असलेल्या आमच्यासारख्यांना आनंदीबाईचे भय जरा अधिकच वाटते, हे कबूल केले पाहिजे.

एवढे सांगितल्यावर उणी बाजूही सांगितली पाहिजे. पुढील तीस-चाळीस वर्षांत हिंदी चित्रपटाने दुर्गाबाईंना आई केले. 'मुगल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई पती व पुत्र यांच्यामध्ये चिरडली जाते; ती भूमिका त्यांच्या तोलाची होती. 'बॉबी'तील (१९७३) मिसेस ब्रगांझामध्ये ऊब आहे व मिस्किलपणाही आहे. 'बिदाई'साठी (१९७४) त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या चित्रपटांची संख्या दोनशेच्या आसपास भरते, आणि त्यांतील कित्येक भूमिकांत आशीर्वाद देणे व डोळ्यांस पदर लावणे यापलीकडे त्यांना काही काम नव्हते. त्यांचा जन्मजात ताठा गरीब विधवेच्या झोपडीत अनेकदा विजोड दिसे. कलेच्या तराजूत या भूमिका हलक्याच भरतील. मात्र त्यांबद्दल बाईंना दोष देणाऱ्याने आधी हे पाहावे की, त्या काळच्या लेखकांनी चाळिशीनंतरच्या स्त्रीसाठी दुसरे लिहिले तरी काय होते? आणि काम हे त्यांच्या लेखी व्रत नव्हते, उपजीविका होती. उपजीविकेत सर्वच दिवस सोन्याचे नसतात.

निर्मात्या म्हणून त्यांनी केलेल्या कामाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १९३० ते ४० या दशकाच्या उत्तरार्धात 'साथी'च्या निर्मितीत त्या उतरल्या, तेव्हा या क्षेत्रात स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी 'फॅक्ट फिल्म्स' आणि पुढे 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या संस्था उभारल्या. लघुपट, अनुबोधपट व जाहिरातपट काढले. समीक्षक या कामाकडे नाक मुरडून पाहतात, जाहिरातपटात कला ती काय, म्हणून. परंतु चित्रपटाच्या बेभरवशाच्या धंद्यात स्वतःची, हिशेब चोख असलेली, इतरांना काम देणारी संस्था उभी करणे हे एका भूमिकेइतकेच अवघड आहे. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, आणि नायक कोण, तर महिनाअखेरीची ओढाताण सोसणारा एक कारकून. महाराण्या रंगविलेल्या बाईंच्या नावाची संस्था शेवटी आमच्यासारख्यांच्या घरात आली, हे आम्हांस भूषणाचे वाटते.

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले; शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. या पुस्तकाशेजारी हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' ठेवले म्हणजे एक सत्य लख्ख दिसते. चित्रपटाचा धंदा एकच. पण हंसाबाईंना त्याने ओरबाडले आणि दुर्गाबाईंना त्याच्याशी समोरासमोर बसून व्यवहार करता आला. हा फरक केवळ स्वभावाचा नाही. इंग्रजी शिक्षण, कायदा जाणणारे माहेर, नकार दिला तरी उपाशी राहणार नाही असा थोडासा आधार, ही दुर्गाबाईंची शिदोरी होती. तेव्हा घराण्याचा त्यांना काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. घराणे हे त्यांचे भांडवल होते. पण भांडवल वारशाने मिळते, धंदा स्वतः करावा लागतो. आम्ही ज्याचे कौतुक करतो ते भांडवलाचे. करावयास हवे ते धंद्याचे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. दिल्लीतील आपल्या मंडळांत गणेशोत्सवाचे नाटक बसते तेव्हा मुलीने काम केले तर कौतुक होते. तीच मुलगी हाच माझा व्यवसाय असे म्हणू लागली की घरात शांतता पसरते. हौस शोभते, कमाई शोभत नाही, अशी आपली समजूत अजून पुरती गेलेली नाही. दुर्गाबाईंना 'घरंदाज' म्हणून वंदन करणारे आपण त्या समजुतीलाच खतपाणी घालतो. कारण त्या वंदनाचा अर्थ असा होतो की, बाई मोठ्या ठरल्या त्या नटी असूनही. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. त्या मोठ्या ठरल्या त्या नटी म्हणूनच.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांचीही प्रतिमा आहे. या सर्व मानसन्मानांत आम्हांस फाळके पुरस्कार अधिक बोलका वाटतो. ज्या गृहस्थांना १९१३ साली तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नाही, त्यांच्या नावाचा सन्मान सत्तर वर्षांनी बोलपटातील तारामतीला मिळाला. तो तिला सॉलिसिटर लाडांची कन्या म्हणून मिळालेला नाही. अर्धशतक राबून तिने तो कमावला होता.