असत्याची खूण

हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ साली आपल्या छायाचित्रग्रंथाला 'निसर्गाची लेखणी' अशा अर्थाचे नाव दिले. छायाचित्र हे निसर्गाने स्वहस्ते लिहून दिलेले साक्षपत्र होय, ही श्रद्धा त्या नावात व्यक्त झाली आहे. या श्रद्धेची हसतखेळत, पण कसून उलटतपासणी केली ती १९५५ साली बार्सेलोनात जन्मलेल्या जोआन फोंतकुबेर्ता या कॅटलान छायाचित्रकाराने.

'हर्बेरियम' (१९८२–८५) ही त्याची मालिका कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन छायाचित्रकाराच्या वनस्पतिचित्रांचे विडंबन आहे. तीच करडी पार्श्वभूमी, तोच अलिप्त प्रकाश आणि खाली लॅटिन नाव. चित्रातील 'वनस्पती' मात्र टाकाऊ वस्तूंचे तुकडे जुळवून रचलेली! १९८७ च्या 'फौना' या प्रदर्शनात पेरे फोर्मिगेरा त्याचा सहकारी होता. पीटर आमायझेनहाउफेन नावाच्या बेपत्ता प्राणिशास्त्रज्ञाचा दप्तरसंग्रह सापडला, अशी त्यामागील कथा. बारा पायांचा सर्प, त्याची क्ष-किरणचित्रे, टिपणे, पेंढा भरलेले प्राणी असा सारा सरंजाम तेथे मांडलेला होता. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही तो दाखविला.

हा विज्ञानाचा उपहास आहे, असे समजणे घाईचे ठरेल. उपहास होतो तो पुराव्याच्या वेषभूषेचा. लॅटिन नाव, जुना कागद आणि संग्रहालयाची भिंत एवढ्या सामग्रीवर प्रेक्षक पडताळणीचा हक्क किती सहज सोडून देतो, हेच येथे दिसते.

तथापि एक आक्षेप गंभीर आहे. यंत्रे क्षणार्धात बनावट चित्रे निर्माण करू लागली असताना संशय हाच स्वस्त झाला आहे, आणि वितळत्या हिमनद्यांचे खरे चित्रही खोटे ठरविण्यास तो उपयोगी पडतो. मग या कलेने कोणाच्या हाती शस्त्र दिले?

याचे उत्तर त्या शास्त्रज्ञाच्या नावातच आहे. 'आमायझेनहाउफेन' म्हणजे जर्मन भाषेत मुंग्यांचे वारूळ, आणि फोर्मिगेरा हे कॅटलान आडनावही मुंगीशीच नाते सांगते. पीटर म्हणजे पेरे. त्याचा मदतनीस हान्स फॉन कुबर्ट म्हणजे स्वतः जोआन फोंतकुबेर्ता. लबाडी करणारा आपली खूण पुसतो. या कलावंतांनी ती केवळ भाषांतरित केली, म्हणजे ओळखू पाहणाऱ्यासाठी उघडी ठेवली. ती वाचण्यास दुसरी भाषा यावी लागते, ही या कलेची मर्यादा खरीच. परंतु अपरिचित नाव दिसताच त्याचा अर्थ विचारण्याची सवय जिला म्हणावे, तीच वैज्ञानिक वृत्तीचीही पहिली पायरी होय. सरसकट अविश्वास आणि चौकसपणा यांतील अंतर फोंतकुबेर्ताच्या खेळाने नेमके दाखवून दिले, हे त्याचे खरे श्रेय आहे.