जहाजांची तैलचित्रे आणि मराठ्यांचे आरमार

जुन्या शिडाच्या जहाजांची बारकाईने रंगविलेली तैलचित्रे संग्रही ठेवण्याची हौस ही मुख्यतः युरोपातील दर्यावर्दी राष्ट्रांची हौस होय. आपल्याकडे ती रुजली नाही. आणि भोपाळसारख्या, कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात तिच्याविषयी लिहिणे काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या चित्रांच्या प्रतिकृती आता सहज मिळतात. त्या आपल्या ऐतिहासिक पुस्तकांत आणि शाळांच्या भिंतींवर येऊन बसल्या आहेत, आणि मराठ्यांचे आरमार म्हटले म्हणजे सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते बहुतांशी याच चित्रांच्या वळणाचे असते. तेव्हा ती कशी पाहावीत, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने केवळ चित्रकारांवर सोडून चालणार नाही.

या चित्रप्रकाराचा पाया डच चित्रकारांनी घातला. थोरला विलेम व्हान द व्हेल्डे होडीत बसून आरमारी लढायांच्या आसपास फिरे आणि तेथल्या तेथे रेखाटने करी. १६७२-७३ च्या हिवाळ्यात तो आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा इंग्लंडला गेले, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही गेली. पुढे इंग्रज गिऱ्हाइकाने तिला आपले वळण दिले. चित्र मागणारा माणूस बहुधा जहाजाचा कप्तान असे किंवा मालक. त्याला समुद्राच्या भव्यतेपेक्षा आपले जहाज ओळखू यावे याची फिकीर अधिक. विल्यम जॉन हगिन्स हा १८१२ मध्ये कंपनीच्या 'पर्सिव्हरन्स' जहाजावरून मुंबई व चीनकडे निघाला, १८१४ मध्ये परतला आणि पुढे लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीजवळच चित्रे काढू लागला. राजा चौथा विल्यम हा स्वतः नाविक होता. त्याने हगिन्सला दरबारी सागरचित्रकार नेमले ते चित्रांच्या सौंदर्यापेक्षा त्यांतील अचूकपणासाठी, असे म्हणतात. हे म्हणणे खोटे वाटत नाही. हगिन्सच्या लाटा पुष्कळदा एकसुरी असतात. दोरखंड मात्र कधी चुकत नाहीत.

या अचूकपणाला नाक मुरडण्याचे कारण नाही. शिडाच्या जहाजात एक दोरही शोभेसाठी नसतो. वारा कोणत्या बाजूचा, जहाज वळते आहे की थांबते आहे, खलाशांना धीर उरला आहे की नाही, हे सारे दोर आणि शिडे यांवरून कळते. आणि ज्याला ते वाचता येते त्याच्यासाठी चित्र म्हणजे एक कथाच असते. जहाजमालक सर जेम्स केर्ड याने १९२८ मध्ये मॅक्फर्सन यांचा अकरा हजारांहून अधिक सागरविषयक चित्रांचा व ठशांचा संग्रह विकत घेऊन राष्ट्राला दिला; १९३७ मध्ये उघडलेल्या ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयाच्या मुळाशी तो संग्रह आहे. एका व्यापाऱ्याच्या या हौसेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु बारकावा हा नेहमी कोणाचा तरी असतो. कंपनीने लीडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरीसाठी १७३२ च्या सुमारास सहा ठाण्यांची चित्रे काढवून घेतली, त्यांत मुंबईचे एक आहे. जॉर्ज लँबर्टने जमीन व इमारती रंगविल्या, सॅम्युएल स्कॉटने जहाजे. दोघांनीही मुंबई कधी पाहिलेली नव्हती. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले होते, तरी मुंबईच्या दक्षिणेस कुलाब्यापासून खाली आंग्र्यांचा दरारा तसाच होता. कंपनीच्या कागदपत्रांत या काळजीची नोंद पानोपानी सापडते. चित्रातला समुद्र मात्र निश्चिंत आहे, कारण तो कंपनीच्या जहाजांचा आहे. संचालकांच्या भिंतीवर भीती टांगण्याची सोय नव्हती.

याहून बोलके उदाहरण विजयदुर्गाचे. इंग्रजांनी त्याला घेरिया म्हटले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तो घेतला, आणि त्या प्रसंगाचे तैलचित्र डॉमिनिक सेरेस याने १७७१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, इंग्लंडात बसून रंगविले. सेरेस मूळचा फ्रेंच, समुद्रावर वाढलेला, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला. त्याची कुशलता वादातीत आहे. त्याच्या चित्रात इंग्रज जहाजांना नावे आहेत, चेहरे आहेत. ज्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या ती तुळाजी आंग्र्यांची गलबते ज्वाळा आणि धूर यांच्या पोटात गेली आहेत. वस्तुस्थितीही तशीच होती, असे कोणी म्हणेल. आरमार जळाले हे खरे. पण आग लागली ती कशी? वॉटसनच्या तोफेचा एक गोळा 'रेस्टोरेशन' जहाजावर पडला, ते पेटले, आणि त्याच्यापासून बंदरात खेटून उभी असलेली सारी गलबते पेटत गेली. हे 'रेस्टोरेशन' तुळाजींनी कंपनीकडूनच हिसकावून घेतलेले होते. इंग्रजांच्या गोळ्याने इंग्रजांचेच जुने जहाज पेटून मराठी आरमाराची राख व्हावी, यात एखाद्या शोकांतिकेला पुरेल एवढा उपरोध आहे. चित्राला त्याचा गंध नाही. आणि त्या वेढ्यात जमिनीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य इंग्रजांचे मित्र म्हणून उभे होते, ही गोष्ट चित्राच्या चौकटीत येत नाही एवढेच नव्हे, तर तिचा उल्लेख आपल्यालाही फारसा सोसत नाही. परक्या चित्रकारावर सर्व दोष ढकलताना हे विसरू नये.

मग आपले जहाज पाहावयाचे कोठे? माझ्या मते आज्ञापत्रात. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथाचा काळ १७१५ च्या आसपासचा. आपण त्याचे आरमारावरील प्रकरण राजनीतीचा उतारा म्हणून शिकवितो. ते चित्र म्हणून कोणी वाचीत नाही. त्यात गुराब कशी असावी हे सांगितले आहे: फार थोर नव्हे, फार लहान नव्हे, मध्यम, वाऱ्यावाचून जे हलतच नाही असे अवजड जहाज बांधूच नये. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने शत्रुपक्षाकडून केलेले वर्णन याच्याशी जुळते: दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, पुढे चोचीसारखी नाळ काढलेल्या गुराबा, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी लहान गलबते. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी खिळते आणि वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पाठीमागे नेऊन उभी करतात. अमात्यांच्या मध्यमपणाच्या आग्रहामागे ही सारी युद्धनीती आहे.

आता आपल्या पुस्तकांची मुखपृष्ठे पाहा. तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडांचे थरावर थर, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा, आणि वर भगवा. झेंडा बदलला, जहाज वॉटसनचेच राहिले. अमात्यांनी जे बांधू नका म्हणून सांगितले नेमके तेच आपण अभिमानाने त्यांच्या नावावर मांडतो. हा केवळ तपशिलाचा दोष नव्हे. आपले आरमार मोठे होते हे सिद्ध करण्यासाठी ते दुसऱ्यासारखे होते असे दाखविण्याची गरज आपल्याला अजून वाटते, आणि त्या पायी त्याचे खरे चातुर्य झाकले जाते.

भोपाळच्या वाचकाला तर याहून जवळचे आधार आहेत. परंपरेने ज्याचे नाव या शहराच्या तलावाशी जोडले आहे त्या भोजराजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' हा ग्रंथ आहे. त्याचे कर्तृत्व वादग्रस्त असले, तरी १९१२ मध्ये राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनावरील आपल्या पुस्तकात त्याकडे लक्ष वेधले. त्यात नौकेला रंग कोणता द्यावा हे डोलकाठ्यांच्या संख्येवरून ठरविले आहे: चार असतील तर पांढरा, तीन असतील तर तांबडा, दोन असतील तर पिवळा, एक असेल तर निळा. म्हणजे येथे रंग जहाजाच्या चित्राला नव्हे, जहाजालाच द्यावयाचा होता. आणि सुमारे पन्नास किलोमीटरवरील सांचीच्या पूर्व तोरणावर पुराच्या पाण्यातील काश्यपाची नाव आहे. फळ्या एकमेकींना शिवून जोडलेल्या दिसाव्यात इतकी ती नेमकी कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला कोणी जहाजमालक गिऱ्हाईक मिळालेले नव्हते.

ग्रिनिचच्याच संग्रहातील एक तैलचित्र मात्र मी या विषयाच्या कोणत्याही संग्रहात प्रथम ठेवीन. ते जहाजाचे नाही. मुंबईच्या गोदीतील जमशेटजी बमनजी वाडिया यांची ती तसबीर आहे: हातात जहाजाचा आराखडा, कमरेच्या शालीत खोवलेली रुप्याची मोजपट्टी, आणि मागे 'मिंडेन' हे त्यांनी बांधलेले जहाज. इतर चित्रांत जहाज पुढे असते आणि बांधणाऱ्याचा पत्ता नसतो. येथे माणूस पुढे आला आहे. वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मुंबईत मलबारी सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर उभे आहे. साग कोठून आणावा, हा प्रश्न अमात्यांपुढेही होता. रानातला साग तोडावा, असे ते सांगतात. पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन फळेनासे झाले असेल, तरच ते धन्याच्या संमतीने आणि मोल देऊन घ्यावे.