शुभ्र आणि फटक : काटोलच्या उन्हातील व्यक्तिचित्र

मराठीने पांढऱ्या रंगाचे दोन प्रकार मोठ्या सूक्ष्मतेने वेगळे ठेवले आहेत. धुतलेले धोतर 'पांढरेशुभ्र' असते. भयाने वा आजाराने चेहरा 'पांढराफटक' पडतो. पहिल्या शब्दात तेज आहे, दुसऱ्यात काही नाहीसे झाल्याची जाणीव. उघड्यावर काढलेल्या व्यक्तिचित्रांतील अतिप्रकाशित भागांचे मूल्यमापन करताना 'ऊन जास्त झाले' या नेहमीच्या अभिप्रायापेक्षा हा भेद अधिक उपयोगी पडतो.

काटोलच्या संत्राबागेत भर दुपारी उभा असलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा : डोक्याला पांढरा दुपट्टा, चेहरा उन्हाने रापलेला. काटोल कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्यामुळे मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. दुपट्टा व नाकाचा शेंडा उजळतात. डोळे खोबणींच्या सावलीत बुडतात. भर ऊन व मोकळी सावली यांच्या प्रकाशात सुमारे चार स्टॉपचे, म्हणजे सोळा पटींचे अंतर असते. डोळे दिसावेत म्हणून एक्सपोझर वाढविले की दुपट्ट्याच्या चुण्या, विणीचा पोत, घामाचा डाग हे सर्व पुसले जाते.

सावलीत दडलेला तपशील हा पुटपुटलेल्या शब्दासारखा असतो; प्रयत्नाने तो बऱ्याच अंशी ऐकू येतो. डिजिटल चित्रात लाल, हिरवा व निळा हे तिन्ही घटक २५५ या कमाल मूल्याला पोचले, की तेथला तपशील मुळात नोंदलाच गेलेला नसतो. रॉ फाइल थोडी सवड देते, इतकेच. म्हणून निगेटिव्ह फिल्मच्या काळातील 'सावलीसाठी एक्सपोझर द्यावे' हा दंडक येथे उलटवावा लागतो.

ही अडचण नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने आकाश कोरे उमटे. मुंबईच्या निरनिराळ्या समाजांविषयीच्या विल्यम जॉन्सन यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात (१८६३ व १८६६) माणसे व पार्श्वभूमी स्वतंत्र निगेटिव्हांतून घेऊन जोडलेली आहेत. जोडकाम कितीही कुशल असले, तरी तो माणूस त्या जागी उभा होता याची साक्ष ते देऊ शकत नाही. आज संगणकाने भरून काढलेल्या चुण्यांविषयीही हेच म्हणावे लागते : त्या सुबक असतील, पण त्या माणसाच्या नव्हेत.

चेहरा प्रथम, वस्त्र नंतर, हा छायाचित्रकाराचा युक्तिवाद अर्थातच निराधार नाही. परंतु ही निवड बहुधा टाळता येण्यासारखी असते. संत्र्याच्या झाडाखालची सावली मात्र फसवी. पानांतून झिरपणारे कवडसे गालावर नवे फटक डाग पाडतात. घराची ओसरी किंवा भिंतीची सलग सावली बरी, आणि समोर धरलेली पांढरी चादर डोळ्यांत उजेड परतवते. आंबिया बहाराची फळे हिवाळ्यात तोडली जातात. तेव्हाचे तिरपे सकाळचे ऊन तर आपण होऊनच सौम्य असते.

प्रत्येक कोरा ठिपका दोष मानण्याचेही कारण नाही. पितळी लोट्यावरील चमकेत शोधण्यासारखे काही नसते. ती कोरी राहिली तरी चित्र उणे होत नाही. दुपट्ट्यात मात्र त्या माणसाची दुपार असते, त्याचे श्रम असतात. चेहरा दाखविण्यासाठी ते खर्ची घातले, तर चित्रात ओळख उरते, माणूस उणावतो. समीक्षकाने म्हणून उजेड किती होता हे न विचारता, त्या उजेडात काय हरवले हे विचारावे.