दामोदर हॉल, ‘गोलपिठा’ आणि आपण

‘गोलपिठा’ शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. बाबासाहेबांनी ज्या जिण्याचा धिक्कार केला, त्याच जिण्यातली बाई नामदेव ढसाळ कवितेच्या मध्यभागी का आणतात? विचारणारा विद्यार्थी बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. म्हणून प्रश्न टाळता येत नाही.

आधी घटना पाहू. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी दादरच्या नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने, १६ जूनला, परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी यांची सभा झाली. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी तिथे कठोर शब्दांत सुनावले. हा धंदा सोडून आमच्याबरोबर या, नाहीतर आमचा तुमचा संबंध नाही, असा भाषणाचा आशय होता. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, मार्ग पुष्कळ आहेत, असेही त्यांनी बजावले.

छत्तीस वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘गोलपिठा’ आला. परिसर तोच. पण ढसाळ त्या बाईला सुधारायला जात नाहीत. तिच्या नरकाचे मालक कोण, हे विचारतात. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि पांढरपेशा वाचक या जगाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. कुणी शिव्या मोजल्या, कुणी कणव दाखवली. माणूस दोघांनाही दिसला नाही.

आपल्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, ढसाळांनी बाबासाहेबांचा आदेश मोडला. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांची ती नीती मध्यमवर्गीय होती. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. ते शब्द त्या स्त्रियांना लागले असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बाबासाहेब त्यांच्यासमोर उभे राहून बोलले. स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी माणसे म्हणून त्यांनी त्यांना जाब विचारला. दया करणारा असा जाब विचारीत नाही. तो समोरच्याला आधीच लहान करून टाकतो. मात्र पोटाचा प्रश्न त्या सभेत सुटला नाही, हेही खरे. ‘गोलपिठा’ने तोच प्रश्न पुढे नेला.

कवीलाही सूट देण्याचे कारण नाही. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) वाचल्यावर विचारावेच लागते, की रस्त्यावरच्या बाईविषयीची करुणा घराच्या उंबऱ्याशी का थांबली?

२००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी आणली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र तीतून वगळले. म्हणजे नीती गरिबांपुरती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. चळवळीत तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन बंदीला पाठिंबा देणारे होते, आणि त्याच नावाने विरोध करणारेही.

मी तेव्हा शाळेत होतो. परळच्या आमच्या चाळीत बारमध्ये नाचणारी एक बाई राहत असे. भीमजयंतीची वर्गणी ती न मागता आणून देई. त्या वर्षी मंडळाने ती परत केली. परत करायला मला, एका पोराला, पाठवले. मोठ्यांपैकी कुणीही जिना चढला नाही. तिने पैसे मोजून घेतले आणि दार लावले. मंडळात माझे वडीलही होते. गिरणी गेल्यावर आमच्याही घरी पोटाचा प्रश्न होताच.

त्या कामाला मंडळाचा विरोध होता, यात मला गैर वाटत नाही. तो विरोध आजही माझा आहे. पण दामोदर हॉलमधल्या वाक्यातला ‘संबंध नाही’ एवढाच भाग आम्ही उचलला. ‘आमच्याबरोबर या’ हा सोडून दिला. वैशालीच्या आम्रपालीचे भोजन तथागताने स्वीकारले, तेव्हा ती गणिकाच होती. भिक्षुणी ती नंतर झाली. आधी सुधार, मग तुझे अन्न घेतो, अशी अट त्याने घातली नव्हती.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगतो: बाबासाहेबांची मागणी आणि ढसाळांचा प्रश्न एकत्र वाच. मागणी सोडली, तर आपण नरकाचे कौतुक करू लागतो. प्रश्न सोडला, तर वर्गणी परत करणारे होतो. आणि मागणी करायचीच असेल, तर जिना आपण चढावा. पोराला पाठवू नये.